जपानहून परतलेलं जोडपं

शिवाजी पेठेत मला अजूनही ‘एक्सरेवाल्या बाई’ म्हणतात. मी आयुष्यात एकही एक्सरे काढलेला नाही. कर्करोगाच्या रुग्णालयात मी विकिरण सुरक्षा अधिकारी होते, पण एवढं लांबलचक नाव भाजी घेताना कोण उच्चारणार? म्हणून मीही ते सोडून दिलं. काम सांगायचं तर साधं होतं. ज्या खोलीत रुग्णाला किरणांचे उपचार देतात, तिथले किरण तिथेच राहतात ना, भिंतीपलीकडच्या कारकुनाला किंवा दाराशी बसलेल्या नातेवाइकाला त्यांचा उपद्रव होत नाही ना, हे पाहायचं. मीटर घेऊन फिरायचं, तंत्रज्ञांच्या छातीवरचे किरण मोजणारे बिल्ले तपासणीला पाठवायचे आणि कुणी बिल्ला घरी विसरून आला की त्याला आत सोडायचं नाही. त्यामुळे मी तिथं फारशी कुणाची लाडकी नव्हते. त्याआधी काही वर्षं समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात मी हेच काम केलं. आईचं आजारपण निघालं तशी कोल्हापूरला परतले आणि इथेच निवृत्त झाले.

संपादकांनी ‘कामातला एखादा थरारक प्रसंग लिहा’ असं सुचवलं. थरारक प्रसंग घडू नयेत याचाच आम्हाला पगार मिळत होता, हे मी त्यांना सांगितलं. तरी एक हकीकत आहे. तिची सुरुवात जपानमध्ये झाली.

तिकडे भूकंप झाला, समुद्राची लाट आली आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, तो आठवडा ज्यांनी टीव्हीसमोर काढला त्यांना आठवत असेल. माझा फोन थांबत नव्हता. आमच्या शेजारच्या काकूंना कुणीतरी मोबाइलवर निरोप पाठवला होता, की विषारी पाऊस येणार आहे, गळ्याला आयोडीन लावा. त्यांनी दोन्ही नातवंडांच्या गळ्याला जखमेवरचं टिंक्चर आयोडीन फासलं आणि पोरं तपकिरी गळे घेऊन शाळेत गेली. पाऊस तर सोडाच, त्या मार्चमध्ये आभाळात ढगही नव्हता.

काकूंनी ऐकलं होतं त्यात थोडं खरं होतं. अणुभट्टी फुटली की बाहेर पडणाऱ्या द्रव्यांत किरणोत्सारी आयोडीन असतं. ते गवतावर बसतं, गाय ते गवत खाते, दुधातून ते लहान मुलाच्या पोटात जातं आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. चेर्नोबिलच्या अपघातानंतर ज्या मुलांनी असं दूध प्यायलं, त्यांच्यात पुढे काही वर्षांनी थायरॉइडच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलं. अशा वेळी साध्या आयोडीनच्या गोळ्या वेळेत पोटात घेतल्या तर ग्रंथी आधीच भरते आणि वाईट आयोडीनला जागा उरत नाही. पण ते तिथल्या माणसांसाठी, आणि गोळी गिळायची असते. बाहेरून फासून काही होत नाही. काकू म्हणाल्या, “असू दे, जंतू तरी मरतील.”

त्यानंतर दोनतीन आठवड्यांनी अमोल आणि वृषाली आले.

बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती, पण हे दोघं कोपऱ्यात, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून बसले होते. एक म्हातारी शेजारी बसायला आली तर अमोल उठून उभा राहिला. मी जवळ गेले तसा तो म्हणाला, “मॅडम, आम्ही जपानहून आलोय. जरा लांबूनच बोला.”

अमोल नेसरीच्या बाजूच्या एका गावचा. हातकणंगल्याकडच्या एका कारखान्यात तो यंत्रं चालवायचा. कारखान्यानं जपानी यंत्रं घेतली आणि ती शिकायला त्याला तिकडे पाठवलं. लग्न झाल्यावर वृषालीही गेली. त्यांचं गाव फुकुशिमापासून बरंच लांब होतं, सरकारनं रिकामा करायला लावलेल्या पट्ट्याच्या बाहेर. अपघात झाल्यावर त्यांनी खिडक्या बंद करून काही दिवस काढले आणि विमानाची तिकिटं मिळाली तसे परत आले. वृषालीला तेव्हा दुसरा महिना सरत होता.

मी दोघांना आत नेलं. डोक्याच्या केसांपासून बुटांच्या तळव्यापर्यंत मीटर फिरवला. मग गळ्यासमोर यंत्र ठेवून थायरॉइड मोजली. अंगावर किरण पडणं आणि किरणोत्सारी धूळ अंगाला किंवा पोटात लागणं, या दोन गोष्टी आमच्याकडे वेगळ्या मानतात. उन्हात उभं राहिलं की अंग तापतं, पण सावलीत आलं की ऊन काही अंगाला चिकटून येत नाही. किरणांचं तसंच असतं. चिखलाचं मात्र तसं नाही, तो अंगाबरोबर घरात येतो. अपघातात दोन्ही प्रकार होतात. म्हणून आधी हे पाहायचं, की माणसाच्या अंगावर किंवा पोटात असला चिखल आहे का. या दोघांच्यात नव्हता. मीटर जेवढा माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर वाजत होता, तेवढाच त्यांच्यासमोर वाजला.

अमोलला ते दोनदा सांगावं लागलं. वृषालीला एकदाच. तिनं विचारलं, “म्हणजे सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळं ठेवलंय, त्याची गरज नाही?”

“नाही.”

“आणि गोठ्याशेजारच्या खोलीत राहायची?”

“मुळीच नाही.”

अमोलनं मग खरी गोष्ट सांगितली. त्याचे वडील, ज्यांना गाव आप्पा म्हणे, ठरवून बसले होते की हे मूल नको. तालुक्याच्या एका डॉक्टरनंही ‘कशाला धोका पत्करता, वय आहे अजून’ असं सांगून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी गर्भपाताला जायचं ठरलं होतं.

मी डॉक्टर नाही. मी तिला आमच्या ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी केली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, की पोटातल्या बाळाला किती किरण मिळाले असतील? त्यांच्या गावची मोजमापं जपान सरकारनं जाहीर केलेली होती. अमोल-वृषाली रोज किती वेळ बाहेर होते, काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, हे मी त्यांच्याकडून काढून घेतलं आणि शक्य तितकं वाईट धरून हिशेब केला. ज्या मात्रेला गर्भाला इजा झालेली दिसते, तिच्या खूपच खाली उत्तर आलं. बाई म्हणाल्या, “मग माझ्याकडे गर्भपात करायला कारण नाही. तिला नको असेल तर गोष्ट वेगळी.”

वृषाली म्हणाली, “मला हवंय. पण हे तुम्ही येऊन आप्पांना सांगा. आमचं कोण ऐकत नाही.”

अशा घरगुती भेटी माझ्या कामात बसत नव्हत्या. तरी गेले. रविवार होता, मीटर पिशवीत होता.

आप्पांचं घर चांगलं खातंपितं. ऊस, आठ म्हशी, नवीन स्लॅब. आप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते, अंगणात आणखी पाच-सहा माणसं. मी सांगायला सुरुवात करायच्या आधीच त्यांनी माझ्यापुढं त्यांची अडचण मांडली. “पावणं, दूध संस्थेनं आमचं दूध बंद केलंय. जपानचं दूध बाद झालं म्हणून टीव्हीवर दाखवलं, म्हणून आमचं बंद. म्हशी काय जपानला गेलत्या व्हय?”

आपल्याच घरात सुनेचं ताट वेगळं ठेवलंय, हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं नाही. गावकऱ्यांनी ऐकलेली गोष्ट खरी होती, फक्त जागा चुकली होती. मी मीटर काढला आणि सगळ्यांसमोर दुधाच्या किटलीला लावला. मीटरला आवाज असतो, सुट्टे सुट्टे टिक टिक. तो कुठेही, कधीही थोडा वाजतोच, कारण माती, दगड, आभाळ सगळीकडून थोडे किरण येतच असतात. हे मी आधी सांगायला हवं होतं. टिक झाल्याबरोबर अंगणातली माणसं दोन पावलं मागं सरली.

“वाजतंय की!” एकजण म्हणाला.

मग मी त्याच माणसाला लावला. त्याच्यावरही तेवढाच वाजला. तो घाबरला, बाकीचे हसले. मग प्रत्येकाला स्वतःला लावून घ्यायचा होता. देवघर झालं, ट्रॅक्टर झाला, म्हशी झाल्या. अमोल, वृषाली, त्यांच्या बॅगा, जपानहून आणलेली पेटी, सगळीकडं तेच. शेवटी अमोलच्या आईनं, सगळे तिला अव्वा म्हणत, मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिथं नव्या ग्रॅनाइटच्या ओट्याशी मीटर नेला आणि टिकटिक वाढली. ग्रॅनाइटमध्ये मुळातच थोडी किरणोत्सारी द्रव्यं असतात. त्यानं काही होत नाही. पण त्या घरात त्या दिवशी सगळ्यात जास्त वाजणारी वस्तू तोच ओटा होता.

“म्हंजे जपानपेक्षा आमचा वटा वाईट?” अव्वांनी विचारलं.

मी हसून समजावलं. त्यांना पटलंसं दिसलं. नंतर कळलं की पुढचा आठवडाभर त्यांनी भाकऱ्या परसात चुलीवर केल्या.

दुधाचं काम मात्र झालं. संस्थेचा सचिव अंगणातच होता, त्यानं दुसऱ्या दिवसापासून दूध घेतलं. आप्पा खूश झाले. मला वाटलं, आता पोटातल्या बाळाचंही होईल. मी हिशेब सांगितला. आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “समदं कळलं. आता एक करा. पोर धडधाकट हुईल, असं लिहून द्या.”

“तसं कुणीच कुणाला लिहून देऊ शकत नाही, आप्पा. जपानला न गेलेल्या बाईलाही नाही. शंभर बाळंतपणांत दोनचार बाळांत काही ना काही निघतंच. या अपघातामुळं तुमच्या नातवंडाचा धोका वाढलेला नाही, एवढंच मी सांगू शकते.”

“म्हंजे गॅरंटी न्हाय.”

“नाही.”

“मग कशाला आलासा?”

आमच्या शास्त्रात शून्य हा आकडा बोलत नाहीत, ‘नगण्य’ म्हणतात. अंगणात बसलेल्या माणसाला नगण्य म्हणजे ‘आहे’ असंच ऐकू येतं. तीस वर्षांत मला यावर उपाय सापडला नाही.

वृषाली तोवर दाराशी उभी होती. ती आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. आप्पांना वाकून नमस्कार केला. म्हणाली, “मी हातकणंगल्याला माहेरी जाते. बाळ झालं की कळवते. न्यायचं की न्हाय ते तवा बघा.” ती माझ्याच गाडीतून आली. अमोल तिच्या मागं निघाला, मग थांबला, मग घरातच राहिला. गाडीत ती पूर्ण वाटभर खिडकीतून बाहेर बघत होती. मी विचारलं, भूक लागली आहे का? गडहिंग्लजला आम्ही चहा घेतला.

अमोल चार दिवसांनी तिच्याकडं गेला, हे मागून कळलं.

मुलगी झाली. दिवाळी जवळ आली होती. अमोलचा फोन आला तेव्हा मी अभिनंदन करायला लागले, तर त्यानं मला अडवलं. मग म्हणाला, “मॅडम, ओठ फाटलाय तिचा.”

दुभंगलेला ओठ हे काही दुर्मीळ नसतं. शस्त्रक्रियेनं तो शिवता येतो. हे मला माहीत होतं, त्यालाही डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण आप्पा दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात माझ्या टेबलासमोर उभे राहिले. अव्वा मागं होत्या.

“बाई, तुमचा मीटर चुकला,” आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच अवघड होतं.

मी सांगितलं, की त्या मात्रेत असं होत नाही. ते म्हणाले, “झालं की. हे बगा, झालं.” मी म्हटलं, असं इतर बाळांनाही होतं. ते म्हणाले, “आमच्या घरात कवा झालं न्हाय.” एका बाळाकडं बोट दाखवून ‘हे अमुक कारणानं झालं नाही’ असं सिद्ध करता येत नाही. शंभर-हजार बाळांचा हिशेब करता येतो, एका बाळाचा येत नाही. आणि आप्पांना हजार बाळांशी कर्तव्य नव्हतं.

तेव्हा अव्वा पहिल्यांदा बोलल्या. “माज्या थोरल्या भावाला हुता की तसाच वट.”

आप्पा वळले. “कुनाला? बाळूला? काय बी सांगू नगं.”

“मिशा कशापायी ठेवायचा मग तो? बारका असताना शिवलाता मिरजंला. आईनं सांगितलंतं, सोयरिकीच्या टायमाला कुनाला बोलायचं न्हाय म्हनून.”

लग्नाला पस्तीसएक वर्षं झाली असतील, आणि मेव्हण्याच्या झुबकेदार मिशांखाली काय होतं हे आप्पांना माझ्या टेबलासमोर कळलं. ते खुर्चीत बसले. मग पाणी मागितलं. जाताना म्हणाले, “नात कवा बगायला मिळंल, इचारून सांगा तुमच्या सुनबाईला.” सून त्यांची होती, पण त्या काळात त्यांनी ती माझ्या नावावर केली होती.

घरी जाऊन मी माझा सगळा हिशेब पुन्हा केला. उत्तर तेच आलं. अमोलच्या मामाच्या ओठामुळं माझी सुटका झाली, असं मला वाटलं नाही. मामा नसता तरी उत्तर तेच होतं, आणि मग आप्पा कधीच मानले नसते.

मुलीचं नाव ईश्वरी. ओठ शिवला, नीट जुळला. आता नववीत आहे. शाळेच्या फुटबॉल संघात गोलरक्षक आहे आणि ओठावरची बारीक रेघ माहीत असेल त्यालाच दिसते.

सगळ्यात उशिरा सावरला तो अमोल. तब्येतीनं ठणठणीत माणूस, पण दाढी करताना गळा चाचपायचा. दर वर्षी थायरॉइडची तपासणी करून घ्यायचा आणि अहवाल चांगला आला की त्यालाच संशय यायचा. कारखान्यानं परत जपानला पाठवायचं ठरवलं तेव्हा त्यानं नोकरी सोडली. एकदा माझ्याकडं बसला असताना त्याच्या तिकडच्या घरमालकिणीचं सांगत होता. तिचे म्हातारे वडील केंद्राजवळच्या गावात एका रुग्णालयात होते. सगळ्यांना घाईघाईनं बसमध्ये घालून हलवलं, तासन्‌तास फिरवलं, आणि ते वाटेत गेले. किरणांनी नाही, हलवण्यानं. तिथं अशी बरीच म्हातारी माणसं गेली. अमोल म्हणाला, “तिनं मला विमानतळावर सोडलं आणि मग वडिलांच्या अंत्यसंस्काराला गेली. मी तिला नंतर फोन पण केला नाही. काय बोलायचं?” मी त्याला सांगितलं, आता कर. केला की नाही, माहीत नाही. तपासण्या मात्र पुढच्या वर्षापासून बंद झाल्या.

माझ्या निवृत्तीआधी दोन वर्षं आप्पा पुन्हा आमच्या रुग्णालयात आले, या वेळी रुग्ण म्हणून. घशात गाठ होती. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू किती वर्षं? आप्पा म्हणाले, “ते न्हाय ओ. पोरगं जपानहून आलं तवापासनं घसा धरतोय.” खिशात तंबाखूची पुडी होती, ती डॉक्टरांनी काढून घेतली.

उपचार म्हणजे किरण. आप्पांनी सरळ नकार दिला. “ज्याच्यापायी घर फुटायची येळ आली, तेच अंगावर घिऊ व्हय? मरतो की सुखानं.” अमोलनं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. मीही सांगितलं, की ही मात्रा मोठी असते पण ती फक्त गाठीवर, मापून, रोज थोडी थोडी देतात. भट्टी फुटून गावावर पडते तशी ती नसते. त्यांनी मान फिरवली. माझ्या मापांवर त्यांचा तसाही फारसा विश्वास नव्हता.

उपचार सुरू व्हायच्या दिवशी वृषाली त्यांना घेऊन आली. कसं आणलं ते तिलाच ठाऊक. उपचारानंतर आप्पा सहा वर्षं जगले आणि शेवटी गेले ते हृदयविकारानं. पण त्या सकाळी ते खोलीच्या जाड दारासमोर येऊन जे थांबले ते हलेनात. तंत्रज्ञ आतून हाक मारत होता. मागं पुढचे रुग्ण खोळंबले होते. मी दाराच्या बाजूला होते.

“न्हाय जायचं मला,” आप्पा म्हणाले. “तुला काय सांगायचं, तू लई धीराची. तू कवा भ्यालीच न्हाईस.”

वृषाली त्यांच्यासमोर आली. मग म्हणाली, “मी भ्याले नव्हते असं वाटतं व्हय तुम्हाला, आप्पा? गाडीतनं हातकणंगल्याला जाताना माझे पाय थंड पडलेते. नऊ महिने रोज भ्याले. भीतभीतच ठेवली पोरगी.”

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्या हातात दिली आणि आत गेले.